लोळ्याचं पातेलं

माझ्या सासूबाईंना आमच्या रस्त्यावर कोणी नावाने ओळखत नाही. लहानथोर सगळे त्यांना पळीकाकू म्हणतात. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी उभी हयात स्वयंपाक केला आणि तिथे त्यांच्या हातात कायम लांब दांड्याची एक पळी असे. त्या पळीने त्या ढवळत, तिनेच वाढत आणि रांगेत कोणी मधेच घुसला तर तिनेच त्याला मागे सारत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. पळी मात्र त्यांनी स्वतःच पिशवीत घालून आणली. घड्याळ लवकरच बंद पडलं. पळी अजून आहे.

मी त्यांची सून. माझी जीभ तिखट आहे असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि ते खोटं नाही. त्यामुळे मी त्यांच्याविषयी बोलायला लागले की लोकांना वाटतं, आता ही सासूचं उट्टं काढणार. काढायला जागा होतीही. पण त्या दिवसांत मी त्यांना ज्या अवस्थेत पाहिलं, त्यानंतर ती हौस फिटली.

त्यांच्या स्वयंपाकाचा एक नियम होता. चाखल्याशिवाय पातेलं खाली उतरायचं नाही. पळीतला थेंबभर रस तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, "हां." ते 'हां' येईपर्यंत बाहेर सगळा कारखाना ताटं वाजवत उभा राहिला तरी त्यांना पर्वा नसे. आणि 'हां' येतच नसेल, तर त्यांच्याकडे एक बरणी होती. कांदा बारीक चिरून, उन्हात वाळवून, तपकिरी होईस्तोवर तळून आणि कुटून केलेली पूड. सूप असो, भाजी असो, नुसते उकडलेले बटाटे असोत, शेवटी त्यात एक चिमूट पडायची. कामगार घरी जाऊन बायकांना ऐकवत, पळीकाकूंच्या हाताला काय चव आहे. चव हाताला होती की बरणीला, हे विचारायची छाती कुणाची नव्हती. माझीही नाही.

मग माझ्या नवऱ्याचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ-तेल तोडलं. सासूबाईंना सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी भाजी मंद आचेवर ठेवून कपडे वाळत घालायला जायची आणि परत येईपर्यंत तिच्यात मीठ, तेल आणि ती पूड पडलेली असायची. विचारलं की म्हणायच्या, "अगं, बेचव होती. पोराने काय घास मोजत जेवायचं का?" शेवटी एक दिवस मी म्हटलं, आई, तुम्ही आयुष्यभर राबलात, आता आराम करा, शेगडीचं मी बघते. 'आराम करा' हे ऐकायला किती गोड वाटतं. त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला. त्यांनी पळी धुऊन खिळ्याला टांगली. बरणी मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

त्यानंतर त्या खिडकीत बसू लागल्या. खिडकीतून समोरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दिसतं. दुकानाच्या मागच्या खोलीत दुकानवाले घड्याळकाका राहतात आणि दुकानाच्या उंबऱ्यावर त्यांचा कुत्रा लोळ्या. नावाप्रमाणेच तो. गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत जातं, ओलांडून बाहेर येतं, हा डोळासुद्धा उघडत नाही. तो खरा काकांच्या बायकोचा लाडका. ती गेली आणि कुत्र्याने अन्न सोडलं. काकांनी बाजारातलं कोरडं खाणं आणून पाहिलं, महागातलं आणून पाहिलं. लोळ्या हुंगायचा आणि मान फिरवायचा. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, घरी शिजवून द्या, ऊन-ऊन, रोज ताजं. काकांना चहापलीकडे काही येत नाही. ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "काकू, जरा गरज होती."

त्या एका वाक्याने सासूबाई दहा वर्षांनी लहान झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं काकांनी आम्हा दोघींसमोर पाठ म्हणून दाखवलं. कोंबडीचं मांस हाडं पूर्ण काढून उकडायचं. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त शिजवून मऊ करायचा. लाल भोपळा आणि गाजर किसून त्यातच. मधूनमधून उकडलेलं अंडं, कधी थोडी कलेजी. अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, पिठासारखी दळून त्यातलं किंचित. मीठ नको, मसाला नको. आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, कुत्र्याला ते बाधतं. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मग त्यात चव कशाची?" काका हसले. मीही हसले. त्यांनी विनोद केला असं आम्हाला वाटलं.

मी शेगडीची एक बाजू त्यांना परत दिली. एक जुनं पातेलं लोळ्याच्या नावाने वेगळं काढलं. खिळ्यावरची पळी खाली आली. सकाळी उठून त्या भोपळा किसायच्या, मांस बोटांनी दाबदाबून बघायच्या, हाडाचा कण राहिला तर घशात अडकेल म्हणून. माणसांसाठी सुद्धा एवढी काळजी मी त्यांना घेताना पाहिली नव्हती, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "माणसं निदान तक्रार तरी करतात." पहिल्या दिवशी लोळ्याने थोडं खाल्लं, थोडं ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. काका त्यावरही खूश होते. सासूबाई नव्हत्या. पातेल्यातलं उरून घरी परत येणं हे त्यांच्या जन्मात कधी घडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी त्या उरलेल्यातलं थोडं तळहातावर घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

पुढच्याच आठवड्यात पातेलं चाटूनपुसून रिकामं यायला लागलं. पातेलं हलवल्याचा आवाज आला की लोळ्या उठून रस्ता ओलांडून आमच्या पायरीशी येऊ लागला. उंबऱ्यावरून न हलणारा कुत्रा धावतो म्हटल्यावर रस्त्यावर बोलबाला झाला. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, काकूंच्या हाताला चव आहे हो, मुक्या जनावरालासुद्धा कळलं. सासूबाईंचं बंद पडलेलं घड्याळही त्यांनी फुकट दुरुस्त करून भिंतीवर लावून दिलं. सासूबाई त्या काळात घरात गुणगुणत फिरायच्या. मीही मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. नवऱ्याचं मीठ वाचलं, सासूचं मन रमलं, कुत्रा जगला.

मग लोळ्या धावायचा थांबला. आधी रस्ता ओलांडताना मधेच बसू लागला. मग उंबऱ्यावरून उठेना. काकांना वाटलं, वय झालं. एके सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि कोपऱ्यातलं ओलं दाखवलं. कुत्र्याची लघवी काळपट लाल झाली होती. मी त्याचा ओठ वर करून पाहिला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्याला मीच उचललं. सासूबाई चप्पल न घालताच आमच्यामागे आल्या.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि वर न बघताच विचारलं, "याच्या खाण्यात कांदा असतो का?"

"छे," काका लगेच म्हणाले. "जेवण पळीकाकू करतात. तुम्ही सांगितलं त्यात रेसभर फरक करत नाहीत त्या. मी डोळे मिटून ग्वाही देतो."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतायत आणि ही खूण कांद्याचीच दिसतेय. बाहेरचं कोणी काही घालतं का? तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अधूनमधून सकाळच्या ऑम्लेटचा कोपरा लोळ्याला टाकते हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी म्हटलं, हो, दोन-तीनदा टाकलाय, त्यात कांदा असेल थोडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याने असं होत नाही. हे बरेच दिवस, रोज, बऱ्यापैकी पोटात गेलंय.

"म्हणजे रोज टाकत होतीस," काका म्हणाले. ते कधी कोणाला चढ्या आवाजात बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "पोरी, नको म्हणून सांगितलं होतं ना तुझ्यासमोर."

मी सासूबाईंकडे पाहिलं. माझं त्यांचं कितीही वाजो, चारचौघांत त्या माझी बाजू घेतात. बाहेरच्यापुढे घरचं माणूस पडू द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मला वाटलं, आता त्या म्हणतील, माझी सून तिखट आहे पण खोटारडी नाही. त्या मूग गिळून उभ्या होत्या. खाली बघत होत्या, स्वतःच्या अनवाणी पायांकडे. मला वाटलं, त्यासुद्धा मलाच दोषी धरतायत.

लोळ्याला सलाईन लावलं. तो टेबलावर आडवा पडला होता आणि तरी सासूबाईंचा वास आला तसं त्याने शेपूट टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. त्या झटकन मागे सरकल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

पुढचे दिवस माझे वाईट गेले, ते सांगत बसत नाही. रस्त्यावर कुजबुज होतच होती. भाजीवाली म्हणाली, मुक्या जिवाशी असं वागू नये ताई. नवरा म्हणाला, दिलं असशील तर दिलं म्हण, एवढं काय. मी म्हटलं, तुझ्या ताटात उद्यापासून मीठच घालते मग. पण मला स्वतःलाच शंका यायला लागली. आपण दोन-तीनदा म्हणतोय, ते खरंच दोन-तीनदा होतं का? चारदा असेल? रोज असेल?

घरात मात्र एक विलक्षण गोष्ट घडत होती. सासूबाई माझ्याआधी उठून मला चहा करून ठेवू लागल्या. माझे कपडे घडी घालून कपाटात लावू लागल्या. एकदा तर मला म्हणाल्या, तू दमतेस, बस जरा. माझ्या संसारात असं कधी झालं नव्हतं, आणि खरं तर मला तेव्हाच उमगायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे चांदणं माझ्या कपाटात घड्या घालत होतं. मला वाटलं, सगळा रस्ता आपल्याला बोलतोय म्हणून यांना दया आली. स्वतः मात्र त्या जेवत नव्हत्या. ताटात घेतलेलं इकडून तिकडे करायच्या आणि मग उठायच्या.

लोळ्या चार दिवसांनी घरी आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाचं काम झालंय, आता याने खाल्लं पाहिजे. खाल्लं तर रक्त भरेल. नाही खाल्लं तर या वयात तो निघणार नाही. सासूबाईंनी पुन्हा पातेलं चढवलं. तेच मांस, तोच मऊ तांदूळ, तोच भोपळा. काकांनी ते लोळ्यासमोर ठेवलं. त्याने हुंगलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मान फिरवली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. भरलेलं पातेलं घेऊन काका आमच्या दारात आले. त्यांच्या डोळ्याला घड्याळं बघायचं ते भिंग तसंच लावलेलं होतं, काढायचं विसरले होते.

"काकू, काही कमी पडतंय का?" ते म्हणाले. "तुमच्या हातचं तो चाटूनपुसून खायचा. आधी करत होतात तसंच करा ना."

सासूबाईंनी पातेलं घेतलं. "करते," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. काका पायरीवरून उतरताना माझ्याशी बोलले नाहीत.

दुपारी मी बाहेरून आले तर स्वयंपाकघरातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. दारापर्यंत गेले आणि थांबले. सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. पातेल्यातून वाफ येत होती. शेजारी ओट्यावर झाकण काढलेली ती बरणी होती. त्यांच्या तीन बोटांत चिमूट होती, हात पातेल्यावर धरलेला होता. चिमूट सोडतही नव्हत्या आणि मागेही घेत नव्हत्या. बरणीकडे माझं लक्ष गेलं. मी वर ठेवली तेव्हा ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आता तळ दिसत होता. आणि आमच्या घरात ती पूड खाणारं माणूस कोणी उरलेलंच नव्हतं.

मला सगळं एकदम कळलं. माझ्या अंगाची लाही झाली. डॉक्टरीणबाईंची खोली, काकांचा तो हळू आवाज, भाजीवाली, नवरा, सगळं डोक्यात उसळलं. वडाची साल पिंपळाला कशी लागते ते मी समोर बघत होते. मी म्हटलं, "आई."

त्यांनी वळून पाहिलं नाही. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "चव नव्हती गं त्याला."

"कशाला?"

"जेवणाला. मी चाखलं. काही म्हणजे काही चव नव्हती. माझ्या पातेल्यातलं उरून परत आलं, तुला माहीत आहे का कसं वाटतं ते? म्हटलं, एक चिमूट. एवढ्याशाने काय होतंय. तो खायला लागला. मग आणखी जरा." त्या पातेल्याकडेच बघत होत्या. "मग तो धावत यायला लागला."

 त्या पुढे म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा जिभेवर आलं होतं. पण घड्याळवाले भाऊ मधेच बोलले, ग्वाही देतो म्हणाले, आणि मग तोंड उघडेना. आणि तुझं नाव निघालं तेव्हा तर... तिथे त्या थांबल्या.

"तेव्हा तर काय?" मी विचारलं.

"तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं," त्या म्हणाल्या. आणि मान इतकी खाली घातली की मला त्यांचा भांगच दिसत होता. "बघ मी कशी बाई आहे ते."

मला वाटतं, कांद्यापेक्षा त्यांना याची जास्त लाज वाटत होती. पूड घातली ती खोड होती, जित्याची खोड, ती मलाही माहीत होती. पण सून पडत असताना सुटल्यासारखं वाटणं ही खोड नव्हती. ते त्यांना स्वतःतलं नवीनच काही सापडलं होतं आणि ते हातात धरवतही नव्हतं.

मी त्यांना हवं ते बोलू शकले असते. कितीतरी दिवस जमवलेलं तोंडाशी होतं. पण ती चिमूट अजून पातेल्यावर होती आणि माझं सगळं लक्ष तिच्यावर होतं. मी म्हटलं, "ती चिमूट टाकलीत तर तो खाईल."

"खाईल ना. म्हणून तर स्टूल घेतलं."

"आणि मरेल."

"हो."

त्यांनी हात मागे घेतला, मोरीत धरला आणि चिमूट सोडून दिली. मग बरणीतली उरलेली पूडही उलटी केली आणि नळ सोडला. वास सगळ्या घरात पसरला. मला म्हणाल्या, "तू सांगतेस का त्यांना? माझ्याच्याने नाही व्हायचं." मी म्हटलं, नाही. माझ्या डोक्यावरचं मी का उतरवू, ज्याने ठेवलं त्याने उतरवावं. हे मी रागात म्हटलं आणि अजूनही मला ते बरोबरच वाटतं. त्यांनी मान हलवली. रिकामी बरणी पदराने पुसली, हातात घेतली आणि चप्पल घालून निघाल्या. मी मागे गेले. सोबत म्हणून नाही. मला ऐकायचं होतं.

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, मनगटी घड्याळाला पट्टा लावून घेत होतं. मला वाटलं, सासूबाई थांबतील. पण आता थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं. लोळ्याला ओलांडून त्या आत गेल्या आणि बरणी काउंटरवर ठेवली.

"भाऊ, कांदा मी घालत होते," त्या म्हणाल्या. "रोज. या बरणीतला. माझ्या सुनेने काही केलेलं नाही. ती बोलणी खात होती आणि मी ऐकत होते. तो आता खात नाही, कारण मीच त्याला त्या चवीची सवय लावली."

गिऱ्हाईक पट्ट्याकडे बघत राहिलं. काकांनी डोळ्याचं भिंग काढलं, बरणीकडे पाहिलं, वास घेतला आणि ती बाजूला ठेवली. मग पुन्हा भिंग लावलं आणि घड्याळ हातात घेतलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मग ते बोलले, पण माझ्याशी. म्हणाले, "सूनबाई, मी तुला नाही नाही ते बोललो." सासूबाईंशी एक अक्षर नाही. त्या तिथे उभ्या राहिल्या, मग वळल्या. उंबऱ्यावर लोळ्याने मान उचलून त्यांच्या पायाला नाक लावलं. त्यांनी पाय काढून घेतला आणि जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला.

त्या संध्याकाळी काकांनी स्वतः स्वयंपाक करायला घेतला. ते आम्हाला आधी वासावरून कळलं, मग धुरावरून. त्यांच्या मागच्या खोलीचं दार दुकानाच्या बाजूच्या बोळात उघडतं, आमच्या खिडकीच्या अगदी समोर. सासूबाई खिडकीत बसून कान देत होत्या. भांडं करपलं, काहीतरी खाली पडलं. शेवटी त्या उठल्या आणि रस्ता ओलांडून बोळात जाऊन त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. मीही मागे गेले. त्या आत गेल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरले, एकात एक अडकवून, जसं शाळेत शिक्षा झालेली मुलं धरतात.

"आच कमी करा," त्या बाहेरून म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं नाही. पण आच कमी झाल्याचं दिसलं.

मग त्या तशाच उभ्या राहून सांगत गेल्या. मांस गार पाण्यात टाकायचं, उकळत्या नाही. वर आलेला फेस काढा. थोडी कलेजी कोरड्या तव्यावर भाजा, तेल नको, काही नको, नुसती भाजा. ती कुस्करून वर पसरा. त्याला वास लागतो, चव नंतर. फार गरम नको, कोमट ठेवा, कोमट असलं की वास उठतो. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारा, कलेजी किती चालेल. काका काही न बोलता एकेक करत होते. फोनसुद्धा केला. एकदा भोपळा किसताना त्यांचं बोट किसणीवर घासलं, तेव्हा सासूबाईंचे हात पाठीमागून सुटले आणि एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं. मग त्या लगेच मागे झाल्या आणि हात पुन्हा अडकवले.

लोळ्याने भांड्यात नाक घातलं. वरची कलेजी खाल्ली. खालच्या भाताला तोंड लावलं, थांबला, पुन्हा लावलं. सगळं संपवलं नाही, पण खाल्लं. काका जमिनीवर बसले होते, तिथेच त्यांनी डोळे पुसले. सासूबाई तोवर घरी निघून गेल्या होत्या.

असं बरेच दिवस चाललं. काका आत शिजवायचे, सासूबाई बाहेरून सांगायच्या. उंबरा ओलांडायच्या नाहीत, भांड्याला हात लावायच्या नाहीत. रस्त्यावर आता त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली होती आणि ती त्या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. भाजीवालीला तर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, मी शेजारी उभी असताना. माझ्याकडे बघून भाजीवालीने जीभ चावली. लोळ्याच्या हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. एक दिवस तो रस्ता ओलांडून आमच्या पायरीशी आला आणि सासूबाईंचा हात चाटू लागला. त्यांनी हात ओढून घेतला, आत गेल्या, साबण लावून धुतला, पुन्हा धुतला आणि माझ्या नाकाशी धरला. "वास येतोय का गं अजून?" मी हुंगलं. साबणाचा येत होता. मी तसं सांगितलं, तरी त्या परत बाहेर गेल्या नाहीत.

मग एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर लोळ्याचं पातेलं होतं. घासून लख्ख केलेलं. आत किलोभर मांस कागदात गुंडाळून ठेवलेलं आणि एक भोपळ्याची फोड. समोर काका दुकानाचं शटर वर करत होते. ते आमच्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "माझ्या हातचं तो जेवढ्यास तेवढं खातो. दुकान पण बघायचं असतं."

सासूबाई कितीतरी वेळ पातेल्याकडे बघत उभ्या होत्या. मीच ते उचलून शेगडीवर ठेवलं. त्यांनी मांस धुतलं, फेस काढला, भोपळा किसला, तांदूळ मऊ केला, कलेजी कोरडी भाजली. सगळं झाल्यावर सवयीने पळी उचलली आणि तळहातावर थेंब घेणार, तोच थांबल्या. पळी माझ्याकडे केली.

"तू बघ," त्या म्हणाल्या. "मला नको."

मी थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, त्यांच्यासारखेच डोळे मिटले. नुसतं कोमट पाणी आणि भोपळा. मीठ नाही, तिखट नाही, काहीच नाही. त्यांच्या हातचं असं काही मी आजवर कधी खाल्लं नव्हतं. डोळे उघडले तर त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"कसं झालंय?"

"बेचव," मी म्हटलं. "एकदम बेचव."

"हां," सासूबाई म्हणाल्या, आणि पातेलं खाली उतरवलं.